पाचशे सतरा ग्रॅम

छत्तीस वर्षं एखाद्या माणसानं काट्यापुढं उभं राहून काढावीत, एवढ्या वर्षांत एकाही शेतकऱ्यानं, एकाही व्यापाऱ्यानं ‘पुन्हा तोल’ म्हणू नये, आणि मग एके सकाळी सुनेच्या मोबाइलवर निरोप यावा की तुमच्या घरचं वजन खोटं आहे. आता सांगा, डोकं फिरणार नाही तर काय होईल? धोंडबा गजघाट्यांचं फिरलं, आणि अगदी बरोबर फिरलं.

धोंडबा राहतात पारडीला, कळमन्याच्या बाजारापासून सायकलच्या अंतरावर. त्या बाजारात ते मापारी होते. शेतकऱ्याच्या मालाचा लिलाव झाला की तो माल तोलतो तो मापारी. त्यानं सांगितलेला आकडा चिठ्ठीवर चढतो आणि त्या आकड्यावर पैसे चुकते होतात. म्हणजे दोन्हीकडून ओढाताण. व्यापारी कानाशी लागतो की पोत्यामागं किलोभर इकडं राहू दे, आणि शेतकरी बिचारा नुसता तोंडाकडं बघत राहतो. धोंडबांनी कधी कोणासाठी काही सोडलं नाही. एकदा दिवाळीच्या तोंडावर एका बड्या अडत्यानं त्यांच्या खिशात पाकीट सरकवलं. धोंडबांनी ते सगळ्यांदेखत काट्यावर ठेवलं आणि म्हणाले, ‘‘शेटजी, काटा तं याचं वजनच धरून नाही राहिला. परत घ्या.’’ त्यानंतर त्यांच्या वाटेला कोणी गेलं नाही.

हा ताठा उगाच आला नव्हता. मौद्याकडच्या खेड्यात त्यांची आई शेतावर मजुरीला जायची आणि मजुरी ज्वारीत मिळायची. देणारा ज्वारी उंचावरून पदरात टाकायचा, शिवाशीव नको म्हणून, आणि तराजू आपल्याकडं वळवून धरायचा. एकदा आईनं ‘माप दाखवा जी’ म्हटलं, तर तो फिस्सकन हसला आणि म्हणाला, ‘‘तुले काय समजते वं मापातलं?’’ घरी येऊन शेजारणीच्या पायलीनं मोजलं, तर ज्वारी कमी. मापातलं आपल्याला समजलंच पाहिजे, हे धोंडबांनी त्या संध्याकाळी ठरवलं. पुढं मॅट्रिक होऊन त्यांनी मापाऱ्याचा परवाना काढला तेव्हा आईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो कागद चारदा हातात घेऊन पाहिला.

निवृत्त झाल्यावर असा माणूस घरात स्वस्थ बसेल होय! भीमाबाईंच्या, म्हणजे बायकोच्या, स्वयंपाकघरातल्या डब्यांची वजनं करून झाली. ‘‘अजी, आता मलेच काट्यावर बसवता का?’’ असं त्या म्हणाल्या, तेव्हा कुठं थांबले. मुलगा अश्विन कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला, त्याचा पाय पाळ्यांमध्ये अडकलेला. सून नंदिनी बी.कॉम. झालेली, सीताबर्डीच्या एका कापड दुकानात हिशेब सांभाळायची. ते दुकान लॉकडाउनमध्ये बसलं ते पुन्हा उठलंच नाही. तेव्हा नंदिनीनं सासूच्या हातचं तिखट ऑनलाइन विकायला काढलं. आणि तिखट कसं, तर शेजारच्या घरात पुडी उघडली की आपल्या घरात ठसका लागावा. भिवापूरकडची मिरची निवडून घ्यायची, कडकडीत वाळवायची, देठं हातानं खुडायची आणि कांडप यंत्रापाशी स्वतः उभं राहून कुटून आणायची. भीमाबाई यातलं एकही काम दुसऱ्यावर सोडत नसत.

चव भीमाबाईंची, विक्री नंदिनीची, आणि माप अर्थातच धोंडबांचं. मागच्या खोलीत टेबलावर छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. चारशे ग्रॅम तिखट तोलून पुडीत भरायचं, पुडी बंद करायची, पुठ्ठ्याच्या डब्यात घालून चिकटपट्टी मारायची. नंदिनी फक्त वरून पत्ता चिकटवायची. सुरुवातीला तिनं स्वतः एक डबा भरून तोलला होता, तो सगळा मिळून चारशे नव्वद ग्रॅम भरला, आणि तोच आकडा तिनं कंपनीला कळवला होता.

कंपनीचं नाव घ्यायला नको. घेतलं तर त्याचीही फी लावतील. विकल्याची फी, पैसे गोळा केल्याची फी, पोचवल्याची फी, गिऱ्हाइकानं परत पाठवलं तर परत आणल्याची फी, आणि या सगळ्या फियांवर कर. दोनशे साठ रुपयांच्या पुडीतले दीडशे हातात पडले तरी नंदिनी खूश असायची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. पण काय करता? पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक पारडीच्या गल्लीत थोडंच येणार होतं.

तर मार्चचा पहिला आठवडा. कळमन्यात नवी मिरची उतरू लागली होती. वर्षभराची मिरची याच दिवसांत घेऊन ठेवावी लागते. एप्रिल उजाडला की चांगला माल संपतो आणि भाव डोक्यावर बसतो. नंदिनीचे कंपनीकडून एकसष्ट हजार यायचे होते. त्यातून तीन क्विंटल घ्यायची असं ठरलं होतं. पैशांऐवजी आला तो निरोप.

‘‘बाबा,’’ नंदिनी मागच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, ‘‘आपलं वजन चुकीचं हाय म्हणून राहिले हे लोकं.’’

‘‘कोणाचं वजन?’’

‘‘आपल्या डब्याचं. आपण चारशे नव्वद सांगतलं, अन् त्याईच्या काट्यावर पाचशेच्या वर भरून राहिला म्हणते.’’

‘‘त्याईचा काटा खराब असन. सांग दुरुस्त करा म्हणा.’’

‘‘तसं नाही, बाबा. पाचशेपर्यंत पोचवायचा एक भाव हाय. त्याच्यावर एक ग्राम जरी गेला का सिधा किलोचा भाव. डब्यामागं बासष्ट रुपये जास्तीचे. अन् मागच्या सहा महिन्यांतले सहाशे चाळीस डबे धरले त्याईनं. एकोणचाळीस हजार सहाशे ऐंशी रुपये कापतो म्हणते. तोवर सगळे पैसे रोखले.’’

धोंडबा ताडकन उठले. ‘‘एका ग्रामासाठी अर्धा किलोचे पैसे? कळमन्यात असं कोणी केलं असतं तं लोकाईनं त्यालेच पोत्यात शिवला असता! अन् सहाशे चाळीस डबे तोलले का त्याईनं?’’

‘‘बारा तोलले. नमुना म्हणून.’’

‘‘बारा तोलले अन् सहाशे चाळीस धरले!’’

‘‘दोन बटनं देल्ले हायेत. मान्य अन् अमान्य. मान्य दाबलं तं तेवढे कापून बाकीचे उद्याच सोडते. अमान्य दाबलं तं सात दिवसांत पुरावा द्या लागते.’’

‘‘कायचं मान्य? धोंडबा गजघाटे खोटं तोलते, हे मान्य? त्या बटनाले हात लावशीन तं पाह्य!’’

‘‘अजी, पोरीवर काहून चिल्लावून राहिले?’’ भीमाबाई आतून कडाडल्या. ‘‘तिनं का काढली ते कंपनी?’’

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे कंपनीला पक्कं ठाऊक. मिरचीच्या दिवसांत मिरचीवाल्याचे पैसे रोखले की तो झक मारत मान्य म्हणतो. नंदिनीच्या ओळखीचे लोणचंवाले, पापडवाले सगळ्यांनी तेच केलं होतं. ‘कोण भांडत बसते’ म्हणायचं, बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण धोंडबांना पैशांपेक्षा वेगळाच काटा रुतला होता. त्या निरोपात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘चुकीचे वजन सांगणारा विक्रेता’. हे वाक्य त्यांनी नंदिनीकडून तीनदा वाचून घेतलं. जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवर उठले.

दुपारी कंपनीशी बोलायचं ठरलं. बोलायला फोन नंबर नव्हताच; मोबाइलवर लिहायचं आणि ‘माया’ नावाची कोणी उत्तर द्यायची. धोंडबांनी सांगितलं आणि नंदिनीनं जसंच्या तसं लिहिलं : ‘मायाताई, जय भीम. मी छत्तीस वर्षे परवानाधारक मापारी होतो. माझ्या वजनाबद्दल आजवर एकही तक्रार नाही. आपण आपला काटा तपासून घ्यावा ही विनंती.’ मायाताईंचं उत्तर टपकन आलं : ‘तुमची गैरसोय मी समजू शकते. तुम्हाला ऑर्डर रद्द करायची आहे का?’ धोंडबांनी पुन्हा सगळं सविस्तर सांगितलं, बाजार समितीचा परवाना क्रमांकसुद्धा सांगितला. माया म्हणाली, ‘छान! आणखी काही मदत हवी आहे का?’

‘‘काय बाई हाय का कोण हाय!’’ धोंडबा म्हणाले. ‘‘वाचूनच नाही राहिली.’’

‘‘बाई नाही ते, बाबा. मशीन हाय.’’

‘‘मंग तिले बाईचं नाव कायले देलं?’’

दुसऱ्या दिवशी नंदिनीनं ‘अमान्य’ दाबलं आणि पुरावा म्हणून दहा फोटो पाठवले. काट्यावर ठेवलेलं तिखट आणि समोर चारशेचा आकडा. रिकामी पुडी काट्यावर, रिकामा डबा काट्यावर, चिकटपट्टीसुद्धा काट्यावर. कोर्टात दाखवावा असा पुरावा. चार मिनिटांत उत्तर आलं : ‘पुरावा अपुरा. आणखी एकदा हरकत घेता येईल.’ चार मिनिटांत दहा फोटो कोणत्या माईच्या लालानं पाहिले, ते त्यालाच ठाऊक.

‘‘मी सोता जातो,’’ धोंडबा म्हणाले. ‘‘काटा कुठं हाय त्याईचा?’’

काटा कापसीच्या गोदामात होता. चौथ्या दिवशी सकाळीच धोंडबा निघाले. पिशवीत आदल्या दिवशी स्वतः भरून बंद केलेला एक डबा, आणि फडक्यात गुंडाळलेलं पाचशे ग्रॅमचं वजन. ते त्यांचं स्वतःचं, सरकारी वैधमापनाचा शिक्का मारलेलं. नंदिनी गाडीवर सोडते म्हणाली, तर ‘तू मिरचीचा भाव पाहून ये’ म्हणून तिला कळमन्याला धाडलं आणि आपण शेअर ऑटोत बसले.

गोदामाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना आत सोडलं नाही. विक्रेत्यांना आत यायची परवानगी नाही म्हणे. ज्यांच्या मालावर ते अजस्र गोदाम उभं, त्यांनाच आत मज्जाव! धोंडबा फाटकासमोर टिनाच्या सावलीत पिशवी मांडीवर घेऊन दोन तास बसले. ऊन चांगलं तापलं होतं. शेवटी आतून एक चष्मेवाली तरुण मुलगी चहाला बाहेर आली. ती हिमानी, तिथली पर्यवेक्षक.

‘‘काकाजी, केव्हाचे बसून आहात. कोणाकडे आले?’’

‘‘काट्याकडं आलो, पोरी,’’ धोंडबा म्हणाले आणि सगळी हकिगत सांगितली. ‘‘मले पैसे नको, भांडण नको. तुमच्या काट्यावर माह्यं हे वजन ठेवा. पाचशे भरलं नाही तं तुमचा काटा खोटा. भरलं तं मी पाया पडून घरी जातो.’’

हिमानीनं इकडंतिकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढं काय आलं कोणास ठाऊक, पण ती त्यांना आत घेऊन गेली. धोंडबांनी आधी काट्याखालून तळवा फिरवला, काटा समतल आहे का ते वाकून पाहिलं, शून्य आलं का ते पाहिलं. मग फडकं सोडून वजन ठेवलं. पाचशे. उचललं, पुन्हा ठेवलं. पाचशे. कोपऱ्यावर ठेवलं, तरी पाचशे. काटा चोख होता. चोख काट्याला चोख म्हणायला धोंडबांची जीभ कधी अडली नव्हती. ‘‘बरोबर हाय काटा,’’ ते म्हणाले आणि पिशवीतला डबा काढून ठेवला.

पाचशे सतरा.

धोंडबांनी डबा तीनदा उचलून ठेवला. पाचशे सतरा, पाचशे सतरा, पाचशे सतरा. मग तिथंच डबा उघडला, पुडी बाहेर काढून तोलली. पुडीचं स्वतःचं वजन वजा केलं, तर चारशे पाहिजेत तिथं सत्तावीस ग्रॅम जास्त. पुडीच्या तोंडाशी बोटं गेली आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं.

ती वरची मूठ होती. आई सांगायची, ‘दुसऱ्याचा माल तोलशीन तं काटा सरळ ठेवजो, बाप्पा, पण आपल्या घरचं कोणाले देशीन तं वरून मूठ टाकल्याबिगर देऊ नको. आपल्याले कमी भेटलं, आपल्या हातून कोणाले कमी नको.’ छत्तीस वर्षं दुसऱ्यांचा माल तोलला तेव्हा मूठ टाकायचा प्रश्नच नव्हता. तिखट घरचं होतं. चारशे ग्रॅम तोलून झाले की पुडी काट्यावरून उतरवायची, वरून मूठभर टाकायचं आणि तोंड बंद करायचं. ती मूठ वजनात धरायची असते हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. माप वेगळं, मूठ वेगळी. फोटो काढले तेसुद्धा मापाचे. मुठीचा फोटो कोण काढतं?

‘‘मीच टाकतो जी, वरून,’’ ते हिमानीला म्हणाले. ‘‘सगळ्याच डब्यात.’’

‘‘फुकट?’’

‘‘मंग का इकत?’’

हिमानी आवाज खाली करून म्हणाली, ‘‘काकाजी, एक सांगते, माझं नाव नका घेऊ. कंपनीनं बाराच डबे तोलले आहेत. बाकीच्या सहाशे अठ्ठावीसचा काही पुरावा नाही. तुम्ही हरकत घ्या आणि लिहा, की ते बारा चुकून जास्त भरले, बाकीचे बरोबर होते. बारा डब्यांचे पैसे कापतील, बाकी सोडावेच लागतील. दोन-तीन जणांचे सुटलेत असे.’’

म्हणजे बघा! अडतीस हजार नऊशे छत्तीस रुपये वाचायला एक ओळ पुरत होती. धोंडबा परतीच्या ऑटोत बसले तेव्हा त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता, ज्याला आपण जिंकणार हे कळलं आणि तरी चेहरा उतरला.

घरी नंदिनी वाटच पाहत होती. मिरचीचा भाव कालच्यापेक्षा चढला होता. ‘‘काय झालं, बाबा? काटा खोटा निघाला ना?’’

एक क्षण असा होता, की धोंडबा ‘हो’ म्हणू शकत होते. गोदामात काय झालं ते पारडीत कोणाला कळणार होतं? पण त्यांनी पाणी मागितलं, तांब्या संपवला आणि काय ते सगळं सांगितलं. मूठही सांगितली, हिमानीनं सुचवलेली वाटही सांगितली.

नंदिनीनं मनातल्या मनात गुणाकार केला. ‘‘बाबा, सतरा किलो! सतरा किलो तिखट तुमी फुकट वाटलं! मी रुपया रुपया जोडून राहिली, अन् तुमी मुठी टाकून राहिले! अन् मले सांगतलंबी नाही?’’

‘‘सांगायचं काय त्याच्यात?’’ धोंडबांना खरोखरच कळत नव्हतं. ‘‘तुह्या मायनं कोणाले भाजी देली तं सांगते का?’’

‘‘सांगा लागते! डब्याले वजन लागते, वजनाले पैसे लागते!’’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती एकदम फिरली, आणि आता तिचा राग सासऱ्यावरून कंपनीवर गेला. ‘‘काय दुनिया हाय पाहा बरं! कमी देणारे मजेत हायेत. त्या पापडवाल्याच्या पाकिटात अर्धी हवा राह्यते, त्याले दंड नाही. जास्त देणाऱ्याले दंड! अन् वरून खोटारडा म्हणून शिक्का!’’ तिनं मोबाइल उचलला. ‘‘काही नाही. त्या ताईनं सांगतलं तसंच लिवतो. बारा चुकले, बाकी बरोबर.’’

‘‘लिवू नको.’’

‘‘काहून?’’

‘‘बाकीच्यातबी मूठ होती.’’

‘‘त्याईले कुठं माहीत हाय, बाबा?’’

‘‘मले माहीत हाय ना.’’

‘‘चोराच्या पोटातले पैसे काढाले खोटं बोललं तं काय पाप लागते?’’ नंदिनी आता ओरडलीच. ‘‘बारा तोलून सहाशे चाळीसचे पैसे घेऊन राहिले, ते खरं का? तुमचं एकट्याचं खरं घेऊन मी मिरची आणू का कळमन्यातून?’’

बरोबरच होतं तिचं. कोणीही ऐकलं असतं तर तिच्याच बाजूनं उभं राहिलं असतं. भीमाबाई दाराला टेकून ऐकत होत्या. धोंडबांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘‘माह्याकडं काय पाहून राहिले? खोटं लिवाल तं रात्रभर कूस बदलत पडसान अन् मलेबी झोपू देणार नाही. पण पोरीचे पैसे गेले, तेबी तिले दिसू द्या. तिची माफी मांगा.’’

धोंडबांनी सुनेची माफी मागितली. दोन्ही हात जोडून मागितली, तशी ती चटकन मागं सरकली आणि ‘‘बाबा, असं नका करू जी’’ म्हणत रडायला लागली. मग तिनं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. ‘मान्य’च्या बटणाखाली कारण निवडायचं होतं. वजन करताना चूक झाली. माहिती भरताना चूक झाली. पॅकिंग बदलले. इतकी सगळी कारणं लिहिली होती कंपनीनं, पण ‘जास्त दिलं’ असं कारण त्यात नव्हतं. असं कोणी करत असेल हे त्या यादी करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसेल. धोंडबांनी चष्मा पुसला, यादी वरून खाली, खालून वर वाचली, आणि ज्या हातानं छत्तीस वर्षं काटा धरला त्या हाताच्या अंगठ्यानं ‘वजन करताना चूक झाली’ यावर दाबलं.

दुसऱ्या दिवशी एकवीस हजार तीनशे वीस रुपये आले. तीन क्विंटल म्हणता म्हणता एक क्विंटल मिरची घरात आली. भीमाबाई देठं खुडत बसल्या. पहिल्या दिवशी नंदिनी मागच्या खोलीत सासऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसली. चारशे भरले, पुडी उतरली, आणि धोंडबांचा हात आपसूक तिखटाच्या परातीकडं गेला. ‘‘बाबा,’’ एवढंच ती म्हणाली. हात मागं आला. त्या दिवशी अकरा वेळा हात गेला आणि अकरा वेळा मागं आला. हळूहळू जायचा थांबला. डबे चारशे नव्वद भरू लागले, ना ग्रॅम वर ना ग्रॅम खाली. कंपनीकडून निरोप आला, ‘अभिनंदन! तुमचे वजन आता अचूक आहे.’ धोंडबांनी तो वाचायला घेतला नाही.

एप्रिलच्या मध्यात एका दुपारी नंदिनी मोबाइल पाहता पाहता थबकली. नाशिकच्या एका बाईंनी, ज्या गेल्या वर्षापासून दर दोन महिन्यांनी तिखट मागवत होत्या, त्यांनी पाचपैकी एक तारा दिला होता आणि खाली लिहिलं होतं : ‘चव तीच आहे, पण पहिले पुडी गच्च भरून यायची. आता कमी येते. नाव झालं की लोक मापात मारायला लागतात. पुन्हा घेणार नाही.’

नंदिनीनं मोबाइल पालथा ठेवला, पण धोंडबांनी तिचा चेहरा पाहिला होता. ‘‘दाखव,’’ ते म्हणाले. तिनं दाखवलं. ‘मापात मारायला लागतात’ या शब्दांवर त्यांचं बोट बराच वेळ थांबून राहिलं.

नंदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं भराभर उत्तर लिहायला घेतलं. चारशेचे पैसे देता, चारशे मिळतात, आधी फुकटचं खात होतात ते कोणी मोजलं का, असं काय काय. चांगलं सणसणीत झालं होतं. धोंडबांनी ते ऐकलं आणि मान हलवली.

‘‘मिटव ते.’’

‘‘मंग काय लिवू, बाबा? काहीच नाही?’’

‘‘मी सांगतो तसं लिव,’’ धोंडबा म्हणाले आणि खुर्चीत सरळ होऊन बसले, कळमन्यात आकडा पुकारताना बसायचे तसे. ‘‘लिव, ताई, जय भीम. तुमचं माप चारशे ग्राम होतं अन् आताबी चारशेच हाय. पहिले वरून मूठ येत होती, ते आता आमच्यानं देणं होत नाही. माफ करजा.’’

नंदिनीची बोटं थांबली. ‘‘माफी कायची, बाबा? आपलं काय चुकलं?’’

‘‘लिव,’’ ते म्हणाले.

तिनं लिहिलं आणि पाठवलं. इतक्या वर्षांत धोंडबा गजघाट्यांनी मापासाठी गिऱ्हाइकाची माफी मागायची ही पहिली वेळ, आणि ती त्यांनी बरोबर भरलेल्या मापासाठी मागितली.